दर मे महिन्यात काठ साफ होतो, तरी दिवाळीपर्यंत तेच रान का माजतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दहिसर नदीला लागून तुमची सोसायटी आहे आणि मागे संरक्षक भिंत. जुने रहिवासी सांगतात की इथे उंबर आणि करंज होते, उन्हाळ्यात पात्रातले खडक कोरडे पडायचे. आता बारा महिने जलपर्णी, बेशरम, सुबाभूळ आणि नाव माहीत नसलेलं हिरवं गचपण दिसतं. दर मे महिन्यात पोकलेन येतो, सगळं खरवडून नेतो, आणि दिवाळीपर्यंत पुन्हा जैसे थे. तर ही तणं कायमची कशी घालवायची, त्या जागी कोणती देशी झाडं लावायची, आणि वाळा किंवा बांबू चालेल का?

नदीकाठच्या वनस्पतींचं काम मी बरीच वर्षं करते आहे, मुंबईत आणि ठाणे-रायगडच्या नद्यांवरही. माझं मत आधीच सांगून टाकते: तुमची अडचण झाडांपेक्षा पाण्याची जास्त आहे. काठावर काय टिकणार हे ठरवणाऱ्या गोष्टी म्हणजे पाणी कोणत्या महिन्यात चढतं, कुठवर चढतं, किती दिवस राहतं आणि किती वेगानं उतरतं. हे वेळापत्रक बदललं की आधीची झाडं आपोआप मागे पडतात. तणांनी त्यांना हरवलं असं आपण म्हणतो खरं, पण बहुतेक वेळा तणं नंतर आलेली असतात, रिकाम्या झालेल्या जागेवर.

देशी झाडांचं बी आता येतच नसेल, असं काहींना वाटतं. तुमच्याच भिंतीकडे नीट बघा. पाणी निथळण्यासाठी भिंतीत जे पाइप सोडलेले असतात, त्यांच्या तोंडाशी पिंपळ हमखास उगवलेला दिसेल, कुठे कुठे उंबरही. वटवाघळं आणि पक्षी बी आणून टाकतातच. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान इतकं जवळ असताना बियाण्याचा तुटवडा नाही. त्या बियाला रुजायला ओली, मोकळी आणि महिनाभर तरी शांत राहणारी माती लागते, ती खाली पात्रात उरलेली नाही. म्हणून ते भिंतीच्या भोकात रुजतं.

कोकणातल्या नदीचं मूळ वर्ष कसं असतं ते आधी पाहू. मुंबईत वर्षाला साधारण 2,200 ते 2,400 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. डोंगर जवळ, नदी आखूड, त्यामुळे पूर झटकन येतो, पण पावसाळाभर पाणी चढत-उतरत राहतं. सप्टेंबरनंतर ते हळूहळू ओसरतं, डिसेंबरात धार बारीक होते आणि मार्चनंतर पात्रात फक्त डोह उरतात. आपली काठावरची झाडं या वर्षाला बांधलेली आहेत. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात पिकून खाली पडतात. शेंग लाकडासारखी टणक, आपणहून न उघडणारी आणि पाण्यावर तरंगणारी. पहिल्या पुरानं ती उचलली जाते आणि कुठल्या तरी वळणावर गाळात अडकते. अर्जुनाची पाच पंखांची फळंही उन्हाळ्यातच तयार होतात. रोप उगवल्यावर पाणी एकदम गायब झालं तर ते वाळतं. पाणी सावकाश उतरलं तर मूळ ओलीच्या मागे खाली खाली जातं, आणि उन्हाळा येईपर्यंत खोलवर पोचलेलं असतं. ऑक्टोबरचे ते सावकाश उतरणारे आठवडे मला पुराइतकेच महत्त्वाचे वाटतात. त्यांच्याकडे कुणी लक्ष देत नाही, कारण तेव्हा नदीत बातमी होण्यासारखं काही घडत नाही.

पात्राच्या अगदी मध्यात राहणारी मंडळी तर याहून काटेकोर. शेरणी नावाचं झुडूप आहे, कोकणातल्या आणि घाटाखालच्या खडकाळ नद्यांत दिसतं. पानं लांबट, अरुंद, फांद्या वेतासारख्या लवचिक आणि मुळं खडकांच्या फटीत रुतलेली. पूर आला की ते आडवं होतं, पाणी गेलं की पुन्हा उभं राहतं. महापुरात लव्हाळे वाचतात हे आपण शाळेत शिकलो; शेरणी एक पाऊल पुढे आहे, तिला महापूर लागतोच. पुरानं खडकावरचा गाळ धुतला नाही, तर त्या गाळात दुसरी झाडं उभी राहतात आणि तिच्यावर सावली धरतात. पोडोस्टेमेसी कुळातल्या वनस्पती तर दिसायला शेवाळ, पण असतात फुलझाडं. पावसाळाभर धबधब्याखालच्या खडकांना चिकटून वाढतात, पाणी उतरून खडक उघडा पडला की घाईघाईनं फुलतात, बी तिथेच खडकाला चिकटून बसतं आणि पुढच्या पावसाची वाट पाहतं. पाणी उतरलंच नाही तर त्यांना फुलण्याचा इशाराच मिळत नाही.

आता बदललेल्या पाण्याकडे येऊ. इथे लोक एक सरसकट वाक्य म्हणतात: धरणांमुळे नद्या आटल्या. मुंबईच्या आसपास मात्र पाणी बदलण्याच्या निदान तीन तऱ्हा आहेत, आणि प्रत्येकीचा काठावरचा परिणाम वेगळा.

तानसा आणि वैतरणा ही पहिली तऱ्हा. तानसा धरण 1892 चं, मोडक सागर 1957 चं, नंतर ऊर्ध्व वैतरणा, आणि मध्य वैतरणा तर अगदी अलीकडचं. इथलं पाणी जलवाहिनीतून थेट शहराकडे येतं. धरणाखालच्या पात्राला पावसाळ्याच्या सुरुवातीचे पूर मिळत नाहीत, कारण तेव्हा धरण भरत असतं. तलाव भरून वाहू लागला की मग एकदम पाणी सुटतं. म्हणजे करंजाच्या शेंगा उचलायला जूनचा पूर येत नाही आणि जो येतो तो उशिरा. मधल्या कोरड्या काळात पात्राच्या कडेला रानमोडी, घाणेरी अशी कोरड्या जागेची झुडपं खाली उतरू लागतात. आपल्या देशात याचं ठळक उदाहरण भरतपूरचं केवलादेव उद्यान आहे. पांचना धरणानंतर तिथे येणारं पाणी घटलं आणि पाणथळ जागेत विलायती बाभूळ घुसली. ती बाभूळ आधीपासून आसपास होतीच, पण पाणी भरलेलं असेपर्यंत तिला आत शिरता येत नव्हतं.

दुसरी तऱ्हा याच्या अगदी उलट. भातसा धरणाचं पाणी नदीतच सोडतात, ते खाली पिसे इथे बंधाऱ्यावर उचलतात आणि पांजरापूरला शुद्ध करून मुंबईला पाठवतात. म्हणजे धरण ते पिसे हा नदीचा तुकडा मुंबईची उघडी जलवाहिनीच आहे. मे महिन्यात जिथे खडक कोरडे असायला हवेत तिथे पाणी वाहतं. उल्हास नदीचंही असंच. भीमेच्या खोऱ्यातलं आंद्रा नदीचं पाणी ठोकरवाडी धरणातून घाटाखाली भिवपुरीच्या वीजघरात येतं, 1922 पासून, आणि वीज तयार झाली की उल्हासमध्ये सुटतं. खोपोलीच्या वीजघराचं पाणी पाताळगंगेला आणि भिऱ्याचं कुंडलिकेला मिळतं. कोलाडला सकाळी राफ्टिंग होतं ते या सोडलेल्या पाण्यावर. बारमाही वाहणारी नदी लोकांना चांगलीच वाटते, आणि पिण्यासाठी, शेतीसाठी ती चांगली आहेही. मात्र पाणी महिनोन्‌महिने एकाच पातळीवर राहिलं की काठावर एक अरुंद, कायम ओली पट्टी तयार होते. हळूहळू उतरणाऱ्या पाण्यामागे रुजणाऱ्या रोपांना तिथे संधी नसते, आणि कायम ओल मागणाऱ्या दाट गवतांना रान मोकळं मिळतं. वीजघराखाली पाणी रोज चढत-उतरत असेल तर आणखी वेगळं घडतं. चढ-उताराच्या पट्ट्यात रोपटी टिकतच नाहीत, कारण काल रुजलेलं आज उखडतं. स्वीडनमधल्या आणि आल्प्समधल्या जलविद्युत नद्यांवर याचा बराच अभ्यास झाला आहे. तिथे काठावर उघडीबोडकी पट्टी राहते आणि तिच्या वर एकदम झुडपं सुरू होतात.

तिसरी तऱ्हा तुमची. मुंबईच्या चारही नद्या, म्हणजे दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी, यात मोडतात. मिठीच्या उगमावर तर 1860 मध्येच विहार तलाव बांधला गेला, म्हणजे तिचं डोंगरावरचं पाणी तेव्हापासून अडलेलं आहे. नंतर शहर वाढलं. काँक्रीट आणि डांबरामुळे पाऊस जमिनीत मुरेनासा झाला, तासाभरात तो नदीत येतो, त्यामुळे पूर पूर्वीपेक्षा उंच आणि छोटा झाला. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर नद्या रुंद आणि खोल करणं, भिंती बांधणं याला वेग आला. पात्र सरळ आणि काठ उभा झाला.

आणि उन्हाळ्यात? पावसाचं पाणी नाही, झरे बंद, तरी नदी वाहते. कशावर? शहराला सात तलावांतून रोज 3,800 दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी मिळतं. वापरून झाल्यावर ते कुठे तरी जाणारच. जिथे मलवाहिन्या नाहीत किंवा गळक्या आहेत तिथे ते नाल्यातून नदीत येतं, गोठ्यांचं शेण-पाणीही त्यातच. तेव्हा मे महिन्यात तुमच्या खिडकीखाली वाहणारं पाणी बऱ्याच अंशी भातसा-वैतरणेचंच आहे, स्वयंपाकघरं आणि न्हाणीघरं फिरून आलेलं. शहापूर तालुक्यात, जिथून ते निघालं, तिथल्या पाड्यांवर त्याच महिन्यात टँकर चालू असतात. हे विषयांतर झालं, पण ते मनातून जात नाही.

म्हणजे तुमच्या नदीचं वर्ष उलटं झालं आहे. पावसाळ्यात आधीपेक्षा जास्त धसमुसळी, उन्हाळ्यात आधीपेक्षा जास्त पाणी, तेही संथ, कोमट आणि नत्र-स्फुरदानं भरलेलं. तुम्ही नावं दिलेली तणं याच एकेका बदलावर जगतात, ती आता एकेक करून बघू.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिला मुळं रोवायला माती लागत नाही. देठ स्पंजासारखा फुगलेला, म्हणून ती तरंगते. उन्हाळ्यातलं संथ सांडपाणी हे तिचं आवडतं खाद्य, उबदार पाण्यात आठ-पंधरा दिवसांत ती दुप्पट होऊ शकते. मोठा पूर तिला उचलून खाडीत नेतो आणि खाऱ्या पाण्यात ती मरते, त्यामुळे पावसाळा खरं तर तिचा शत्रू. मग ती परत येते कशी? एक तर वळणावर, पुलाच्या खांबामागे, भिंतीच्या कोपऱ्यात चार-सहा रोपं अडकून राहतात. दुसरं, तिचं बी गाळात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहू शकतं. त्याला उगवायला उथळ पाणी किंवा उघडा चिखल आणि ऊन लागतं. नालेसफाईत वरचा थर खरवडला की जुनं बी उन्हात येतं. थोडक्यात, मे महिन्यातली सफाई पूर रोखण्यासाठी गरजेची असली, तरी तणनियंत्रण म्हणून ती जवळजवळ उलटं काम करते.

तुम्ही पाठवलेल्या तिसऱ्या फोटोतलं 'नाव माहीत नसलेलं गचपण' मला ॲलिगेटर वीड वाटतं. खात्री करायची असेल तर एक फांदी तोडून बघा. खोड आतून पोकळ असेल, पानं समोरासमोर जोडीनं, आणि प्रत्येक पेरावर पांढरट मुळांचा झुपका. फूल म्हणजे सुकलेल्या कागदासारखा पांढरा गोंडा, आणि तो लांब दांड्यावर उभा असतो. हा दांडा महत्त्वाचा. आपल्याकडे त्याचीच देशी बहीण आहे, काचरी, काही ठिकाणी तिची भाजीही करतात. तिचे पांढरे गोंडे दांड्याशिवाय थेट पानाच्या बगलेत चिकटलेले असतात. स्वयंसेवकांना हा फरक न सांगता कामाला लावलं की ते दोन्ही उपटतात. ॲलिगेटर वीडला आपल्याकडे बियाची गरजच पडत नाही. एका पेराचा बोटभर तुकडा पुरेसा. पुराचं धसमुसळं पाणी त्याचे तुकडे करतं, खाली नेतं, आणि प्रत्येक तुकडा नवीन जागी रुजतो. पोकलेनही तेच करतो. आणि काढलेला गाळ काठावर टाकून ठेवला तर पहिल्या पावसात तो तिथूनच हिरवा होतो. हे तण पाण्यातही वाढतं आणि कोरड्यावरही, म्हणून मला ते जलपर्णीपेक्षा जास्त त्रासदायक वाटतं, जरी बातम्या जलपर्णीच्याच येतात.

बेशरम त्याच पठडीतली. खोड पोकळ, तुटून वाहत जातं, अडकलं तिथे उभं राहतं. गुरं खात नाहीत म्हणून लोकांनी ती कुंपणाला मुद्दाम लावली होती. शेळ्यांना ती विषारी आहे.

सुबाभळीचं कारण मात्र वेगळं, तिला पाण्याशी फारसं देणंघेणं नाही. पात्र खोल केलं की काठाखालची ओलही खोल जाते. पूर्वी पुराचं पाणी जिथे दरवर्षी दोन-चार वेळा पसरायचं तो भाग आता वर कोरडा लटकून राहतो, त्यावर डेब्रिज पडतं. उंबराच्या रोपाला तिथे ओल मिळत नाही, करंजाची शेंग तिथवर पोचत नाही. सुबाभूळ, एरंड, घाणेरी यांना चुनखडी मिसळलेला असा कोरडा भराव चालतो. म्हणून तुमच्या भिंतीच्या आत, नदीच्या बाजूला, ओलीची तणं आणि बाहेर कोरड्याची, असा दोन मजली प्रकार झाला आहे. त्यांना एकाच उपायानं हाताळायला गेलात तर दोन्हीकडे फसाल.

पाण्याचं वेळापत्रक बदललं की कोण जिंकतं, यावर जगात सर्वात जास्त अभ्यास अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात झाला. कोलोरॅडो नदीवर 1963 मध्ये ग्लेन कॅन्यन धरण अडवलं गेलं. तिथल्या काठावरचे मूळ वृक्ष म्हणजे कॉटनवूड आणि वाळुंजाच्या जातभाईंतली झाडं. बर्फ वितळून येणारा पूर ओसरताना, त्या थोड्याच आठवड्यांत, त्यांचं बी पडतं आणि ते फार दिवस जगत नाही. युरोप-आशियातून आणलेलं टॅमरिक्स मात्र उन्हाळाभर बी सोडत राहतं. पूर वेळेवर येत होता तेव्हा मूळ झाडं पुढे असायची. धरणानं पुराची वेळ मोडली आणि कधीही तयार असणाऱ्याचं फावलं. मग ॲरिझोनातल्या बिल विल्यम्स नदीवर या शतकाच्या पहिल्या दशकात धरणातून मुद्दाम पूर सोडून बघितले. टॅमरिक्सची कोवळी रोपं वाळुंजाच्या रोपांपेक्षा जास्त प्रमाणात मेली. मोठ्या, जुन्या टॅमरिक्स झाडांना तसे पूर हलवू शकत नाहीत. पाणी दुरुस्त केलं तर फायदा नव्या पिढीला होतो. जे आधीच उभं आहे ते हातानंच काढावं लागतं. गंमत म्हणजे टॅमरिक्सचाच एक देशी चुलतभाऊ आपल्याकडच्या खडकाळ नद्यांत उगवतो, आणि त्याचा कुणाला काही उपद्रव नाही.

त्याचप्रमाणे प्रत्येक देशी वनस्पती गुणी असते असंही नाही. पाणकणीस पूर्णपणे आपलं, पण पातळी न हलणाऱ्या, सांडपाण्यानं पोसलेल्या पाण्यात ते एकटंच सगळी जागा व्यापतं आणि लव्हाळे, काचरी, कमळवर्गातली झाडं यांना हुसकून लावतं. उपद्रवी कोण हे ठरवताना पासपोर्टइतकंच पाणीही तपासावं लागतं.

आता तुम्ही काय करू शकता. धरणातून पूर सोडायला सांगणं तुमच्या हातात नाही, आणि दहिसर नदीला त्याचा उपयोगही नाही. तुमच्या नदीत दुरुस्त करण्यासारखी गोष्ट उन्हाळ्यातलं सांडपाणी आहे. सोसायटीची मलवाहिनी पर्जन्यजलवाहिनीत सोडलेली नाही ना, हे आधी बघा. जुन्या इमारतींत असं जोडलेलं सर्रास सापडतं. फेब्रुवारीत, पाऊस नसताना, भिंतीतल्या कोणत्या पाइपातून पाणी पडतंय याचे फोटो काढा. कोरड्या महिन्यात वाहणारा प्रत्येक पाइप जलपर्णीला खत घालतो आहे. वॉर्ड ऑफिसात 'नदीत तण झालंय' या तक्रारीवर जेसीबी येतो. 'अमुक पाइपातून फेब्रुवारीत पाणी वाहतंय' या तक्रारीवर निदान कागद तरी हलतो.

तण काढायची वेळ बदला. जलपर्णी काढायची ती सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर, पुरानं बहुतेक वाहून नेल्यावर, कोपऱ्यात अडकलेली थोडी रोपं असतात तेव्हा. तेव्हा जे काम चार माणसं एका सकाळी करतात, त्याला मार्चमध्ये यंत्र लागतं. फुलायच्या आधी काढा, नाहीतर पुढची वीस वर्षं गाळात पेरून ठेवाल. काढलेली रोपं काठावर ढीग घालून सोडू नका; भिंतीच्या वर, पाणी पोचणार नाही अशा ठिकाणी उन्हात पसरून पूर्ण वाळू द्या. ॲलिगेटर वीड तर गोणीत भरूनच हलवा, ओढत नेऊ नका, वाटेत तुकडे पडतात. सांडपाण्यातून काढलेल्या या वनस्पतींमध्ये जड धातू असू शकतात, म्हणून त्यांचं खत करून भाजीपाल्याला घालू नका. जलपर्णी खाणारे नेओकेटिना भुंगेरे भारतात 1980 च्या दशकात आणले गेले आणि काही तलावांत त्यांनी चांगलं काम केलं. तुमच्या नदीत पूर दरवर्षी जलपर्णीबरोबर त्यांनाही घेऊन जाईल, त्यामुळे त्या नादाला लागू नका. तणनाशकाचा विचार तर वाहत्या पाण्याजवळ अजिबात नको.

सुबाभूळ काढायची ती रोपटी असतानाच, पहिल्या पावसानंतर माती मऊ असते तेव्हा, मुळासकट. मोठं झाड तोडण्याआधी वॉर्डाच्या उद्यान खात्याला विचारा. परदेशी झाड आहे म्हणून तोडलं, ही सबब चालेलच असं नाही. तोडून नुसतं बुंधा ठेवलात तर दहा फुटवे येतील. आणि एकदम सगळं मोकळं करू नका. उघडी माती जूनमध्ये थेट नदीत जाते.

लागवडीत माणसं जागा बघत नाहीत, यादी बघतात. तुमच्याकडे भिंतीच्या आत पाण्यालगत जी गाळाची पट्टी साठते तिथे झाड लावूच नका. पूर ते नेईल, किंवा नालेसफाईत जाईल, किंवा मोठं होऊन पुराला अडथळा म्हणून तोडलं जाईल. तिथे लव्हाळे आपोआप येतात, त्यांना राहू द्या. वरच्या काठावर, जिथे अधूनमधून तरी ओल पोचते, तिथे करंज, उंबर, निर्गुडी. निर्गुडी फांदीनं सहज लागते आणि माती धरते. पाणी दिसेल इतक्या जवळची, पण भिंत नसलेली जागा तुमच्या वरच्या अंगाला, उद्यानाच्या दिशेनं कुठे असेल तर तिथे वाळुंज आणि अर्जुनही लावता येतील. वाळुंजाच्या फांद्या खोचायच्या त्या पाणी ओसरताना, सप्टेंबरात, म्हणजे मुळांना खाली जायला पुढचे थंड महिने मिळतात. वरच्या कोरड्या भरावावर मात्र जूनमध्येच लावा, आणि निदान दोन उन्हाळे पाणी घालायची तयारी ठेवा, कारण तो भाग आता नदीकाठ राहिलेला नाही, पाणी पोचेनासं झाल्यावर तो साधा माळ आहे. रोपं आसपासच्या बियांची मिळाली तर उत्तम.

संरक्षक भिंतीच्या जागी उताराचा, दगड-मातीचा काठ करता आला असता तर ही सगळी यादी बदलली असती. पण तुमच्या पट्ट्यात इमारती भिंतीला टेकल्या आहेत, तेव्हा त्यात आता शिरत नाही.

खाली, जिथे नदी मनोरी खाडीकडे वळते आणि भरतीचं पाणी चढतं, तिथे तुमच्या गटातले काहीजण 'साफसफाई'ला जातात असं तुम्ही लिहिलं आहे. कचरा जरूर उचला. पण तिथली तिवरं, मारांडी, करंजवेल यांना हात लावू नका. कांदळवन तोडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाची बंदी आहे, 2018 च्या निकालात ती स्पष्ट शब्दांत आली आहे. शिवाय तिथे वर्षभर येणाऱ्या गोड्या सांडपाण्यामुळे खारेपणा घटतो आणि मारांडी व पाणकणीस वाढतात, म्हणून तो भाग 'माजल्यासारखा' दिसतो. तोही पाण्याचाच परिणाम आहे, तिवरांचा दोष नाही.

शेवटचं, वाळा आणि बांबू. वाळा आपल्याकडचाच आहे आणि माती धरण्यात त्याला तोड नाही. मुळं सरळ खोल जातात, आडवी पसरत नाहीत. उताराच्या वरच्या कडेला, ऊन असलेल्या जागी, ओळीनं वीतभर अंतरावर लावा. सावलीत तो खुरटतो, म्हणून सुबाभळीखाली लावून उपयोग नाही. नर्सरीतून घेताना बी न धरणारी, फुटव्यानं वाढवलेली जात मागा. बांबू मी तुमच्या जागी लावणार नाही. पंधरा-वीस फुटांची अरुंद पट्टी, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला इमारतीचा पाया आणि वर विजेच्या तारा, अशा ठिकाणी बांबूचं बेट मोठं झालं की तीन वर्षांत सोसायटीची सभा त्याच्यावरच भरेल.